फोन काढून घ्याल, पण पुढे?

लहान मुलांच्या मोबाइलच्या व्यसनाचा विषय निघाला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोनच सूर लागतात. एक, ऑस्ट्रेलियासारखी बंदी घाला. दुसरा, हल्लीच्या आयांना मूल सांभाळायचा कंटाळा. स्टॉकहोममध्ये बसून हे वाचताना पहिलं पटत नाही आणि दुसऱ्याचा संताप येतो.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला मनाई केली. दोन वर्षांच्या मुलाचं खातं असतं कुठे? त्याच्यापुढे फोन टेकवून ठेवलेला असतो, कोणीतरी भरवत असतं आणि ते चमच्याकडे न बघताच तोंड उघडतं. एक व्हिडिओ संपतो न संपतो तोच दुसरा आपोआप सुरू. पोट भरल्याचं त्याच्या लक्षातही येत नाही. फोन काढून घेतला की आकांत, आणि तो थांबवायला पुन्हा फोनच. रडू आवरायला शिकायचं वय असं निघून जातं. माझ्या मते सवयीचं मूळ इथे आहे आणि कुठलाही कायदा तिथवर पोहोचत नाही.

स्वीडनच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, दोन ते पाचपर्यंत दिवसाला फार तर एक तास. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही जवळपास हाच. म्हणजे माहिती दोन्हीकडे आहे. फरक पडतो तो वेळेचा. इथे एका मुलामागे आईवडिलांना मिळून ४८० दिवसांची रजा मिळते आणि त्यातले ९०-९० दिवस दोघांसाठी राखीव असतात, एकाचे दुसऱ्याला देता येत नाहीत. म्हणून भर दुपारी बाबागाडी ढकलत निघालेले बाप दिसतात. इथली मुलं फोनला चिकटत नाहीत असं मुळीच नाही, बसमध्ये रोज बघते. पण मुलाजवळ बसायला घरात कोणीतरी असतं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं मला म्हणूनच मनापासून कौतुक आहे. २०२२ मध्ये तिथे रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. मोठ्यांचेसुद्धा, आणि खरी गोम त्यातच आहे.

आपल्याकडे २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक केली. बापाच्या रजेचं मात्र त्यात नावही नाही. बंदी मागणाऱ्यांनी आधी आपल्या ऑफिसात ते पाळणाघर कुठे आहे ते विचारावं. आणि आयांना नावं ठेवणाऱ्यांनी रोज संध्याकाळी तासभर ते मूल स्वतः सांभाळावं.