रोज थोडी शक्यता असली, की घटना कधी ना कधी घडतेच का?

‘एखादी घटना घडण्याची शक्यता रोज हजारात एक असेल, तर हजार दिवसांत ती घडतेच, तोवर घडली नाही, तर पुढे तिची शक्यता वाढते, आणि शक्यता कितीही थोडी असली, तरी अनंत काळात ती घडल्यावाचून राहत नाही,’ हे विधान गणिताचा नियम म्हणून सर्वत्र सांगितले जाते. त्यातील पहिले दोन भाग चुकीचे आहेत आणि तिसरा अर्धाच खरा आहे.

रोजच्या घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील, म्हणजे एका दिवशी जे झाले त्याचा दुसऱ्या दिवसाच्या शक्यतेवर परिणाम होत नसेल, तर ती एकदाही न घडण्याची संभाव्यता काढताना प्रत्येक दिवशी न घडण्याच्या संभाव्यतांचा गुणाकार करावा लागतो. घडण्याच्या शक्यतांची बेरीज करून चालत नाही. 0.999 चा हजारावा घात सुमारे 0.368 येतो, म्हणजे हजार दिवस उलटूनही घटना न घडलेली असण्याची शक्यता जवळजवळ 37 टक्के उरते. घडण्याची शक्यता 99 टक्क्यांवर न्यायची, तर 4,603 दिवस, म्हणजे साडेबारा वर्षांहून अधिक काळ लागतो.

दुसऱ्या भागाचे उत्तर स्वातंत्र्याच्या अटीतच आहे: हजार दिवस कोरडे गेले, तरी पुढच्या दिवशीची शक्यता हजारात एकच राहते. 1913 साली माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर (लाल-काळ्या घरांच्या फिरत्या चाकाच्या जुगारात) लागोपाठ 26 वेळा काळा रंग आला, तेव्हा ‘आता लाल येणारच’ म्हणून पैसे लावत राहिलेल्यांनी मोठ्या रकमा गमावल्या.

तिसरा भाग मात्र सविस्तर तपासण्याजोगा आहे. रोजची शक्यता कायम तेवढीच राहिली, तर कधीच न घडण्याची संभाव्यता शून्याकडे जाते, हे खरे. परंतु शक्यता दिवसागणिक घटत असेल, तर तसे होईलच असे नाही. समजा, ती पहिल्या दिवशी 1/4, दुसऱ्या दिवशी 1/9, तिसऱ्या दिवशी 1/16 अशी उतरत गेली. तर न घडण्याच्या संभाव्यतांचा गुणाकार 3/4, 2/3, 5/8 असा कमी होत 1/2 जवळ स्थिरावतो. शक्यता एकाही दिवशी शून्य नसताना घटना कधीच न घडण्याची संभाव्यता नेमकी निम्मी उरते! उलट, शक्यता 1/2, 1/3, 1/4 अशी सावकाश घटली, तर गुणाकारही 1/2, 1/3, 1/4 असा शून्याकडेच जातो. रोजच्या शक्यतांची अनंत बेरीज सांत (मर्यादित) आहे की अनंत, यावर सारे ठरते. गणितज्ञ एमील बोरेल यांनी 1909 साली आणि कांतेल्ली यांनी 1917 साली मांडलेल्या निष्कर्षांचा हाच गाभा आहे, आणि तो शाळेतल्या अपूर्णांकांनी पडताळता येतो, हे मला फार मोलाचे वाटते.

जिथे संभाव्यता खरोखर शून्य येते, तिथेही ‘अशक्य’ म्हणणे योग्य नाही: नाणे अनंत वेळा उडवले, तर छापा-काट्याच्या प्रत्येक विशिष्ट क्रमाची संभाव्यता शून्यच असते, तरीही त्यांपैकी एक क्रम येतोच.