‘फ्लॅश नाही, उडी नाही, पैसे वाया’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ताई नमस्कार. रिव्ह्यू आला तेव्हाच वाचला होता, पण डोकं गरम असताना काय टाइप करू नये म्हणून दोन दिवस थांबलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मुलीच्या डान्स शोचे फोटो अंधारात आलेत, दाणे (वाळूसारखे बारीक ठिपके) दिसायलेत, चेहरे जांभळे आहेत, अख्ख्या शोमध्ये एकदा पण फ्लॅश मारला नाही, उडीचे फोटो मोजून तीन, ९०० फोटो काढून दिले १४०, आणि शेवटी ती कोसळते तो मेन क्षणच गायब, “लग्नाचे फोटोग्राफर आहेत, स्टेज जमत नाही, १५०० रुपये वाया”. यातलं काही मला मान्य आहे, काही अजिबात नाही, आणि दोन्ही इथंच लिहितो कारण रिव्ह्यू पण इथंच आहे.

फ्लॅश बॅगेतच ठेवला होता, मुद्दाम. डान्स क्लासच्या मॅडमनी तो यंत्रमागावरचा नाच बसवताना लाइटवर केवढी मेहनत घेतली होती ते तुम्ही पण बघितलंय, एका विंगेतून येणारा आडवा उजेड, त्यात ते पांढरं कापड मागावरच्या ताण्यासारखं, उभ्या धाग्यांसारखं ताणलेलं, तुमची मुलगी आडवा धागा नेणाऱ्या धोट्यासारखी या टोकाकडून त्या टोकाला जाती आणि बाकी सगळा काळोख. समोरून फ्लॅश मारला की तो काळोखच संपतो, मागच्या पडद्याच्या सुरकुत्या, खालच्या वायरी, फरशीवर चिकटवलेल्या पट्ट्या सगळं उघडं पडतं आणि पोरी बारशाला ओळीत उभ्या केल्यासारख्या दिसतात. शिवाय दोघींच्या खांद्यावर तिसरी चढलेली असताना डोळ्यावर लख्खकन उजेड आला आणि पाय सटकला तर जबाबदार कोण? (पुढच्या रांगांतून मोबाइलचे फ्लॅश उडायलेच होते, तेवढ्या लांबून त्यांनी स्टेजवर काही उजेड पडत नाही, नाचणारीला त्रास मात्र होतो.)

दाण्यांचं म्हणाल तर ते मीच पत्करलेत. उडी मारलेलं माणूस फोटोत थांबवायचं तर शटर १/५०० तरी पाहिजे, म्हणजे ते सेकंदाचा पाचशेवा भागच उघडं राहतं, तरी पण पाय सेकंदाला पाच मीटरने फिरत असेल तर तेवढ्या वेळात तो एक सेंटीमीटर सरकतोच. लेन्स २.८ वर, म्हणजे पूर्ण उघडी. मग उरतं काय, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची क्षमता, ती ६४०० वर नेली, आणि एवढ्या कमी उजेडात तिथं दाणे येणार. शटर १/६० ठेवलं असतं तर दाणे कमी आले असते आणि तुमच्या मुलीच्या हाताचे पंख झाले असते. मोबाइलवर नाक चिकटवून झूम केलं की दाणे दिसतात, बारा बाय अठराची प्रिंट भिंतीवर लावून बघा, नाही खटकत.

जांभळ्या चेहऱ्यांवर मात्र माझ्याकडे इलाज नाही. एलईडीचा निळा आणि लाल एवढाच उजेड अंगावर पडला की कातडीचा रंग कॅमेऱ्यापर्यंत नीट पोचतच नाही, मग कॉम्प्युटरवर किती पण ओढा, जे आलंच नाही ते कुठून आणायचं. जिथं फारच वाईट होतं ते आम्ही ब्लॅक अँड व्हाइट करून दिलेत, ते जुने वाटतात म्हणून तुम्ही तक्रार केली ती वेगळी गोष्ट.

आता उडी. फूटभर उंच उडी मारली तर माणूस हवेत अर्धा सेकंद असतं. त्यातला वरच्या टोकाचा जो भाग, जिथं अंग तरंगल्यासारखं वाटतं, तो पाव सेकंद. आणि डोळ्याला दिसलं, मेंदूला कळलं, बोटाने बटण दाबलं यात अंदाजे पाव सेकंद जातोच. म्हणजे उडी दिसल्यावर दाबलं की पोरगी खाली आलेली. म्हणून आधी दाबायला लागतं, तालाचे आकडे मोजत, आणि आधी दाबायचं तर नाच पाठ पाहिजे. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजाचे, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच काठ्यांचे फोटो मी बारा वर्षं काढतोय, तिथं असंच असतं, काठी झुकल्यावर दाबलं तर धरणाऱ्याने सावरलेली असती, त्याच्या कमरेकडे आणि पायाकडे बघत राहिलं की आधी कळतं आता कुठं जाणार. सेकंदाला दहा फोटो काढणारा कॅमेरा आहे की, म्हणाल, तर पाव सेकंदात दोन-तीन फोटो होतात, त्यातल्या एकात डोळे मिटलेले, एकात कापड तोंडावर. ९०० चे १४० असेच होतात, आणि निवडताना मॅडम स्वतः शेजारी बसल्या होत्या, पाऊल अर्धवट वळलेलं असलं की त्या बघताक्षणी काढून टाकायला सांगायच्या, मला तर तो फरक दिसत पण नव्हता.

पण तीनच उड्या का, तर त्या बावीस मिनिटांत उड्याच मोजक्या होत्या ताई. मॅडमनीच मला समजावलं की हा मॉडर्न डान्स आहे, यात सगळी गंमत वर जाण्यात नसती. अमेरिकेतल्या मॉडर्न डान्सच्या मार्था ग्रॅहमनी पोट आत ओढून पाठीची कमान करणं आणि मग सोडणं यावर सगळी पद्धत उभी केली, त्यांच्याच काळातल्या डोरिस हम्फ्री तर पडणं आणि सावरणं यालाच नाच म्हणायच्या. ते ऐकून मी लेन्स पायावरून उचलून बरगड्यांवर लावली. तुमच्या मुलीचा तो फोटो बघा, ४७ नंबरचा, ती जमिनीवर आहे, कापडाचं टोक दातात, मानेच्या शिरा ताणलेल्या. मला विचाराल तर पूर्ण शोमधला सगळ्यात भारी फोटो तो आहे. तुम्ही लिहिलंय “चेहरा विद्रूप आलाय”. तिला विचारलंत का तिला काय वाटतं?

आणि तुम्ही नमुना म्हणून पाठवलेला तो कंबरेतून वाकलेली बाई, एक पाय मागं वर आणि झगा पंख्यासारखा उडालेला फोटो, ती मार्था ग्रॅहमच आहे, बार्बरा मॉर्गन यांनी १९४० साली काढलेला. तो चालू शोमध्ये काढलेला नाही. स्टुडिओत, लाइट स्वतः लावून, कॅमेऱ्यासाठी नाच परत करून घेऊन काढलाय. तसं करायचं तर मी तयार आहे, पोरींना एक सकाळ स्टुडिओत आणा, कापड पन्नास वेळा उडवू. लग्नात आम्ही तेच करतो, अंतरपाट परत धरायला लावतो, अक्षता परत टाकायला लावतो (आणि हो, लग्नाचे फोटोग्राफर आहोत, दुकानाचं भाडं त्यातनंच निघतं, त्यात लाजायचं काय). चालू नाचात कुणाला थांबा म्हणता येत नाही.

एवढं बोललो, आता माझं जे चुकलं ते. नाच पाठ पाहिजे असं वर मोठ्या तोंडाने लिहिलं, पण आदल्या रात्रीच्या लाइटसकटच्या तालमीला मी नव्हतो, अक्कलकोटला साखरपुड्याची ऑर्डर होती. त्याआधी क्लासमध्ये ट्यूबलाइटखाली दोनदा बघितला होता, त्यावर भागेल असं वाटलं. नाही भागलं. पहिलं म्हणजे शांत भागात कॅमेऱ्याची टिकटिक नको म्हणून मी आवाज बंद होणारं शटर लावलं, आणि एलईडी लाइट डोळ्याला दिसत नाही एवढ्या वेगात चालू-बंद होत असतात त्याचे आडवे पट्टे फोटोंवर आले, तीसेक फोटो त्यात गेले. तालमीला असतो तर दहा मिनिटांत कळलं असतं.

दुसरं तो शेवट. क्लासमध्ये बघितलं तेव्हा धागा तुटतो, ती कोसळते, जमिनीवर पडून राहते आणि मग अंधार होतो. आदल्या रात्री मॅडमनी बदललं, अंधार ती पडता पडताच करायचा ठरलं. सगळ्यांना माहीत होतं, मला नाही. मी तिचं अंग जमिनीला टेकायची वाट बघत बसलो आणि लाइट गेले. म्हणजे लाइटवाल्या भाऊंची काही चूक नाही, तुम्ही त्यांना पण बोललात म्हणून सांगतो.

पण एक फोटो आहे. लाइट उतरत असताना दाबला गेलेला, जवळपास काळा, म्हणून मी तो पहिल्याच फेरीत काढून टाकला होता, १४० मध्ये नाही. तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली फाइल) परत उघडली, उजेड दोन स्टॉप, म्हणजे चौपट वर ओढला. गुडघे वाकलेत, केस वर उडालेत, हातातून कापड सुटलंय आणि ते अजून तिच्या डोक्याच्या वर आहे, जमिनीला ती टेकलेली नाही. हा तुम्हाला आधीच दाखवायला पाहिजे होता, माझं चुकलं.

ब्लॅक अँड व्हाइटमध्ये बारा बाय अठराची प्रिंट काढून ठेवलीय, पैसे नकोत. दाणे भरपूर आहेत, आत्ताच सांगतो. दुकानावर या, दुपारी एक ते चार बंद असतं, येताना मुलीला पण आणा.