आधी 1 लिहून दाखवा

एकाच उमेदवाराचं बटण दाबून मन भरत नाही, पसंतीक्रम लावता आला पाहिजे, असं टपरीवर तावातावाने सांगता ना? मग परदेशाचे दाखले कशाला? विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात नाव घाला. नमुना 18 भरा, पदवीची साक्षांकित प्रत जोडा. पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत; कालच पास झालेल्या पोराला आकडे लिहायचा सराव कुठून असणार? पुढच्या निवडणुकीला यादी नव्याने होते, तेव्हा पुन्हा जोडा. मधल्या सहा वर्षांत पदवी उतरली असली तर?

मतदानाला जाताना खिशातलं भारी पेन घरी ठेवा. तिथं जांभळं स्केचपेन मिळतं, तेच चालतं. आवडत्या उमेदवारापुढे 1, मग वाटल्यास 2, 3. संपलं. पण एवढ्यावर थांबलात तर शिक्षणाचा उपयोग काय? चेकवर लिहिता तसं अक्षरी 'एक' लिहा. बरोबरची खूण करा. मास्तर असाल तर हात आपोआप वळेलच. दोघं ओळखीचे असतील तर दोघांपुढेही 1 लिहा, उगाच कुणाचं मन मोडायला नको. खाली झोकदार सही. 2020 साली पुणे पदवीधरला 62 उमेदवार होते, म्हणजे हात मोकळा करायला मतपत्रिका ऐसपैस.

निम्म्याहून जास्त वैध मतं कुणालाच नसली की तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरचा 2 शोधला जातो. तुम्ही तो लिहिलेला नसतोच. अमरावतीत 2023ची मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत चालली. अशा सह्या-खुणांनी बाद झालेल्या मतांचा गठ्ठा किती जाड होतो, ते एकदा मोजणीच्या टेबलावरच्या कारकुनाला विचारा.

शिकायचं तर आमदारांकडून शिका. त्यांना पदवीची अट नाही, शिकवणी मात्र पंचतारांकित हॉटेलात. 20 जून 2022ला आमदारांच्या मतांवर भरायच्या परिषदेच्या 10 जागांसाठी 11 उमेदवार होते. काँग्रेसने पहिल्या पसंतीचे ठरवलेले चंद्रकांत हंडोरे पडले, दुसऱ्या क्रमांकाचे भाई जगताप आले. मतदान गुप्त, त्यामुळे चूक कुणाचीच नव्हती. त्याच रात्री एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतेच्या वाटेला लागले, आणि महिना संपायच्या आत मुख्यमंत्रीही झाले.

पसंतीक्रम बदलायचा तो असा. तुम्ही आपलं स्केचपेनचं टोपण नीट लावून परत द्या.