‘जुनीपानं’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

‘जुनीपानं’, नमस्कार. प्रतिक्रियेच्या चौकटीत हे मावेना, म्हणून स्वतंत्र टाकतोय.

मूळ लेख ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पॅरिसमध्ये एका लिलावाआधीच्या प्रदर्शनात मला ‘ग्रांद क्रोनिक द फ्रान्स’ या फ्रेंच राजांच्या इतिहासाचा एक सुटा खंड हाताळायला मिळाला. छापलेला पास्किए बोनॉमने, पंधराव्या शतकात. बांधलेला मात्र एकोणिसाव्या शतकात, लाल मोरोक्को (कमावलेल्या बकऱ्याच्या) कातड्यात, सोन्याच्या कामासकट. त्याविषयी मी लिहिलं. त्यावर आपली प्रतिक्रिया अशी:

“कातडं आणि सोनं बघून लेखक इतका हरखलाय की पुस्तक उघडून पाहिलेलं दिसत नाही. ज्या बांधणीचं हे कौतुक, तिच्यासाठी मूळ बांधणी फेकून दिली गेली, पानं धुतली गेली, समास कापले गेले. 1476 हे साल चूक आहे, 1477 हवं. आणि मुळात राजघराण्याच्या प्रचारग्रंथाचं एवढं अप्रूप कशाला? अर्थात, मराठी ब्लॉगवर याहून जास्त काय मिळणार!”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण आपणही बहुधा तिथूनच केली असावी आणि बाकीचं वर जोडलं असावं. आपण मराठीतच लिहिता, मराठी ब्लॉग शेवटपर्यंत वाचता आणि वर मराठीत काही मिळत नाही म्हणून नाक मुरडता. टोपणनावाने लिहिणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण चूक दाखवायची तर ती सरळ दाखवता येते, त्यासाठी समोरच्याला अडाणी ठरवावं लागत नाही. लेख लांबला होता आणि त्यात सोन्याचा उल्लेख जरा वारंवार आला होता, हे मात्र मान्य. घरूनही तेच ऐकलं.

आता ते “उघडून पाहिलेलं दिसत नाही”.

उघडलं होतं. तिथल्या बाईंनी फोमचे दोन उतरते ठोकळे मांडून त्यावर खंड ठेवून दिला आणि मी पानं उलटली, चांगली तासभर. हा तिसरा खंड, म्हणजे 1461 साली सातवा चार्ल्स वारतो तिथे संपणारा. शेवटच्या पुष्पिकेत, म्हणजे कुणी, कुठे, कधी छापलं ते सांगणाऱ्या समारोपाच्या ओळींत, छापणारा स्वतःचा पत्ता देतो: पॅरिस विद्यापीठाच्या चार प्रमुख ग्रंथविक्रेत्यांपैकी एक पास्किए बोनॉम, त्याचं घर, त्यावर संत ख्रिस्तोफरच्या चित्राची पाटी. पॅरिसमध्ये पहिला छापखाना तिथल्या विद्यापीठातल्या सॉर्बोनच्या आवारात 1470 मध्ये आला. तो चालवायला गेरिंग, फ्रिबुर्गर आणि क्रान्त्झ हे कारागीर बाहेरून बोलावले होते, आणि तिथे छापलं जायचं ते विद्वानांसाठीचं लॅटिन. बोनॉमचं हे काम म्हणजे पॅरिसमध्ये फ्रेंच भाषेत छापलेलं, साल नोंदवलेलं पहिलं पुस्तक. हे सगळं मूळ लेखात दुसऱ्याच परिच्छेदात आहे. उघडून पाहिलेलं नसावं.

आणखी सांगू? चित्र एकही नाही. लाकडी ठशांच्या चित्रांसाठी या ग्रंथाला पॅरिसचा प्रकाशक आंत्वान व्हेरार याच्या 1493 च्या आवृत्तीची वाट बघावी लागली. अक्षराचं वळण त्या काळच्या फ्रेंच लेखनिकांच्या हातासारखं, म्हणजे हस्तलिखित विकत घेणाऱ्या श्रीमंताला छापील पान परकं वाटू नये असं. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी मोठ्या अक्षरासाठी चौकोनी जागा कोरी सोडलेली, तिथे नंतर कुणीतरी हाताने अक्षर भरायचं. या प्रतीत लाल आणि निळी अक्षरं आलटून पालटून भरलीत. मध्येच काही पानांवर माणूस थकला किंवा पैसे थकले, कोण जाणे, चौकोन रिकामेच राहिलेत. शाईचा दाब इतका की पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं तर ओळी हाताला लागतात.

आणि ऑर्लेआँच्या वेढ्याच्या हकिकतीपाशी, म्हणजे 1429 चा भाग, बाहेरच्या समासात फिकट तपकिरी शाईतलं बारीक टिपण आहे. चार ओळी. प्रत्येक ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरं नाहीत, कारण तिथे पानच संपतं. आणि जिथे संपतं त्या कडेवर सोनं आहे. मी बराच वेळ त्या चार ओळी लावत बसलो होतो, ‘ला प्युसेल’ म्हणजे जोन ऑफ आर्क एवढं जुळलं. उघडून न पाहणाऱ्या माणसाला हे कुठून कळणार होतं ते आपणच सांगा. आणि हो, ती अक्षरं बांधणाऱ्याच्या सुरीने गेलीत, ते मला दिसतं. त्यासाठी आपली प्रतिक्रिया यायची वाट बघत बसलो नव्हतो.

दुसरं, सोन्याबद्दल हरखण्याचा आरोप. माझ्या वडिलांचं पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळात बाइंडिंगचं दुकान होतं. खळ ढवळत मोठा झालोय मी. शाळेतून आलो की फर्मे, म्हणजे छापील ताव, घडी घालायला बसायचो. जुजबंदीची, म्हणजे घडी घातलेले फर्मे एकमेकांना शिवायची, शिलाई मला व्याकरणाच्या आधी येत होती. प्रबंधांवर सोनेरी अक्षरं घालायला वडील पितळी ठसे स्टोव्हवर तापवायचे, ओल्या फडक्याला टेकवून ‘चर्र’ आवाज ऐकायचे आणि मग दाबायचे. ठसा जास्त तापला तर रेक्झिन जळतं, कमी तापला तर वर्ख धरत नाही, आणि दुसऱ्यांदा दाबायला गेलात तर अक्षराला सावली पडते. दुसरी संधी नाही.

तेव्हा त्या लाल पुठ्ठ्यावर केसाएवढ्या तीन समांतर रेघा कोपऱ्यात येऊन एकमेकींना बरोब्बर टेकलेल्या दिसल्या, तर मी थांबणारच. कातड्यावर आधी अंड्याचा पांढरा बलक, त्यावर वर्ख, त्यावर हाताने धरलेला तापलेला ठसा, आणि उरलेलं सोनं पुसून काढायचं. यंत्र नाही. पुठ्ठ्याच्या आतल्या दुमडीवर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत बांधणाऱ्याची सही: त्रोत्झ-बोझोने. जॉर्ज त्रोत्झ हा मूळचा जर्मनीतल्या फोर्त्झहाइमचा, पॅरिसचा बाइंडर बोझोने याचा जावई. सासरा धंद्यात होता तोवर सही ‘बोझोने-त्रोत्झ’ अशी, 1851 मध्ये तो बाजूला झाल्यावर जावयाचं नाव पुढे आलं. म्हणजे नुसत्या नावांच्या क्रमावरून बांधणी 1851 नंतरची आणि 1879 च्या, म्हणजे त्रोत्झच्या मृत्यूच्या, आधीची हे कळतं. आपल्याला हे “कातडं आणि सोनं” वाटत असेल तर वाटो. ज्याने आयुष्यात एक पुठ्ठा चढवलेला नाही त्याने हात काळे केलेल्यांना हे शिकवू नये, एवढंच.

मूळ बांधणी फेकून दिली, पानं धुतली वगैरे. हा विषय मोठा आहे आणि एका ओळीत धोंडा भिरकावून संपत नाही, म्हणून तूर्त दोनच गोष्टी. एक, त्या काळी पुस्तक छापखान्यातून बांधून येत नसे. फर्मे सुटे विकले जायचे, घेणारा आपल्या ऐपतीप्रमाणे बांधून घ्यायचा आणि त्याचा नातू ते पुन्हा आपल्या आवडीने बांधायचा. त्रोत्झच्या टेबलावर हा खंड आला तेव्हा त्याच्या अंगावर पंधराव्या शतकातलंच कातडं होतं हे आपण कशावरून ठरवलंत? दोन, त्या शतकातल्या पॅरिसच्या संग्राहकांना डाग नको होते, वळ्या नको होत्या. पान सुटं करून धुवायचं, पुन्हा सरस द्यायचा, दाबायचं, कडा सारख्या करायच्या, ही तेव्हाची रीत होती. आज कुणी करणार नाही. पण याच संग्राहकांनी असल्या दोलामुद्रितांना, म्हणजे छपाईच्या बाल्यावस्थेतल्या पंधराव्या शतकातल्या पुस्तकांना, बंगल्याएवढं मोल दिलं म्हणून ती रद्दीत गेली नाहीत. बाकी यावर पुन्हा कधीतरी लिहीन, तेव्हा या.

प्रचारग्रंथ? अर्थातच. सेंट डेनिसच्या मठातल्या प्रिमा नावाच्या साधूने 1274 मध्ये हे फ्रेंचमध्ये उतरवून तिसऱ्या फिलिपला नजर केलं, आणि फ्रँकांची, म्हणजे फ्रेंचांच्या पूर्वजांची, वंशावळ थेट ग्रीक पुराणकथेतल्या ट्रॉयच्या हेक्टरपर्यंत नेऊन भिडवली. राजाच्या कृपेतल्या मठात राजाचा इतिहास लिहिला तर तो असाच होणार. बखरी वाचून वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज मला वाटली नाही. आपल्याला ती भासली असेल तर इलाज नाही.

राहता राहिलं साल. पुष्पिकेत ‘16 जानेवारी 1476’ आहे आणि मी ते तसंच दिलं, कारण पुस्तकावर काय छापलंय ते आधी सांगायचं असा माझा शिरस्ता आहे. तेव्हा पॅरिसमध्ये वर्ष ईस्टरला बदलायचं, म्हणून जानेवारी जुन्याच वर्षात मोजला जाई; आजच्या मोजणीने ते 1477. 1 जानेवारीचं वर्ष नवव्या चार्ल्सच्या 1564 च्या फर्मानानंतर आलं. आपल्याकडे शिवजन्माची सरकारमान्य तिथी शके 1551 च्या फाल्गुनातली. त्यात 78 मिळवा, 1629 येतात. तारीख मात्र 19 फेब्रुवारी 1630. कारण शक चैत्रात बदलतो. म्हणून कुणी ‘1551 चूक आहे’ असं लिहीत नाही, निदान इतक्या तावातावाने तरी नाही.

तरी वाचकाची सोय म्हणून 1476 च्या पुढे कंसात 1477 टाकलंय. आपली प्रतिक्रिया काढलेली नाही. बाकी लेख आहे तसाच राहील.