पैसे परत नाहीत, म्हणून माणसं घाटात घालायची?

आज दुपारपासून डोकं फिरलंय. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे, ऐन डिसेंबरात कोकणात आणि आपल्या घाटमाथ्यावर वादळी पावसाचा इशारा आहे. भाचीचं उद्या रात्रीचं मालवणचं तिकीट. ट्रॅव्हल्सवाल्याला फोन केला, म्हटलं तारीख पुढं ढकलून द्या. तर म्हणतो, "मॅडम, गाडी टायमातच सुटणार. यायचं नसलं तर नका येऊ, पैसे परत नाहीत." आणि ठेवला फोन.

असल्याच एका रात्री आईला घेऊन मी करूळ घाटात अडकले होते. जत्रेहून येताना वैभववाडी सोडली आणि निम्म्या घाटात झाड आडवं. मागं वळायला जागा नाही, मोबाईलला रेंज नाही. आईची शुगर उतरली, हात थरथरायला लागले. मागच्या सीटवरच्या मावशींनी घरी न्यायला घेतलेली खाज्याची पुडी फोडली आणि गुळा-आल्याचा तो खाजा तिच्या हातात दिला. त्यावर तिनं रात्र काढली.

इशारे कधी कधी फुकट जातात, मान्य. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ गुजरातच्या किनाऱ्याला पोचेपर्यंत ढेपाळलं. पण मुंबईत शाळांना सुट्टी दिली होती, केरळ-तमिळनाडूच्या बोटी देवगडला आसऱ्याला आल्या होत्या. त्या सुट्टीनं कुणाचं काय बिघडलं?

आणि पावसाळ्यात निदान सगळे सावध असतात. आता उसाचा हंगाम आहे. ट्रॉल्यांच्या चाकांचा चिखल डांबरावर येतो, वर एक सर पडली की गाडी नुसती घसरत जाते. कित्येक ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टरसुद्धा नसतो. कळे-साळवणच्या रस्त्याला रात्री जाऊन बघा.

ड्रायव्हरला मी बोलत नाही. त्या रात्री आमचा ड्रायव्हर भिजत, कुणाकडं कोयता मिळतोय का बघत फिरला. पहाटे गगनबावड्यात रेंज आली, तर मालकाचा पहिला प्रश्न, "गाडीला काय झालं नाही ना?" आईकडं बघून तो बिचारा खाली मान घालून उभा राहिला. माझा राग त्या मालकावर आहे, अजून आहे.

इशारा आदल्या दिवशीच हातात असतो की! करूळ, फोंडा, आंबा, कुठला घाट रात्री चालू आणि कुठला बंद, ते संध्याकाळच्या आत ठरवा, स्टँडवर लावा, आणि थांबणाऱ्याचे पैसे परत द्या. यात अवघड काय आहे?

भाचीचं तिकीट सोडून दिलं. पैसे गेले, जाऊ देत. ज्यांना जायलाच पाहिजे त्यांनी सकाळची एसटी धरा. म्हातारं माणूस बरोबर असेल तर गोळ्या, टॉर्च आणि गुळाचा खडा हाताशी ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.