मावशी, किमो थांबवू नकोस: बोरॉनच्या नळ्यांवरच्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर ‘बोरॉन नायट्राइड नॅनोट्यूब: किमोचा अंत’ असा मजकूर आला. नॅनोट्यूब म्हणजे डोळ्यांना न दिसणारी अतिसूक्ष्म नळी. त्यात पाच दावे आहेत. ही नळी औषध फक्त गाठीत सोडते. ती निष्क्रिय असल्यानं शरीराला काहीच धोका नाही. तिच्यातला बोरॉनच कर्करोग जाळतो. रक्ताच्या एका थेंबातून ती रोग ओळखते. आणि कंपन्यांनी हे दाबून ठेवलंय. मावशीची तिसरी किमो जवळ आली आहे. तिनं फोन करून विचारलं, “थोडं थांबू का रे?” मी मटेरिअल सायन्समध्ये काम करतो, या नळीवर माझा जीव आहे, म्हणूनच हे लिहितोय.

सुरुवात दुसऱ्या दाव्यापासून करतो, कारण सगळी गफलत तिथूनच सुरू होते. बोरॉन आणि नायट्रोजनचे अणू एकाआड एक बसलेली षट्कोनी जाळी गुंडाळली की ही नळी होते. कार्बनची नॅनोट्यूब काळी, ही कापसासारखी पांढरी. हवेत 800 अंशांपर्यंत तापवली तरी टिकते, आणि कडकपणात कार्बनच्या नळीच्या जवळ जाते. पण भट्टीत जो गुण, तोच फुप्फुसात अडचण. अ‍ॅस्बेस्टॉस आपण वापरला तोसुद्धा जळत नाही, सडत नाही म्हणूनच. त्याच्यासारखा लांब, ताठ, न विरघळणारा तंतू फुप्फुसात गेला की भक्षक पेशीला, म्हणजे बाहेरून आलेले कण गिळणाऱ्या पेशीला, तो पुरता गिळता येत नाही. ती अर्धवट गिळलेल्या अवस्थेत दाहक रसायनं सोडत राहते.

बोरॉनच्या नळ्यांचं असंच होतं का? निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. 2009 मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या गटाला मानवी मूत्रपिंडाच्या पेशींवर घातक परिणाम दिसला नाही. 2011 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटानं फुप्फुसाच्या पेशी आणि भक्षक पेशींसह चार प्रकारच्या पेशी तपासल्या, तेव्हा नळ्या विषारी ठरल्या. इटलीत सशांच्या शिरेतून आवरण चढवलेल्या नळ्या दिल्या, त्यांच्यात थोड्या दिवसांत गंभीर बिघाड आढळला नाही. अमेरिकेत बाजारात मिळणारा माल उंदरांच्या फुप्फुसात सोडला, तेव्हा दाह झाला. त्या मालात नळ्यांबरोबर साधं बोरॉन नायट्राइड आणि मोकळं बोरॉनही होतं. म्हणजे नळी किती लांब, किती शुद्ध, तिच्यावर कसलं आवरण, शरीरात शिरली कुठून, हे सांगितल्याशिवाय ‘सुरक्षित’ या शब्दाला अर्थच उरत नाही.

आता ‘फक्त गाठीत’. नळीला फोलेट (एक ब जीवनसत्त्व) जोडलं की फोलेट ओढून घेणाऱ्या कर्करोगपेशी ती जास्त घेतात, हे प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत दिसलंय. बशीत यकृत नसतं, प्लीहा नसते. शरीरात हे दोन अवयव असले कण आधी उचलतात. टोरांटोच्या संशोधकांनी 2016 मध्ये आधीच्या दहा वर्षांतले सर्व तऱ्हांच्या नॅनोकणांचे प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोचलेल्या भागाचा मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, निघाला 0.7 टक्के.

बोरॉन कर्करोग जाळतो, यात मात्र खरा धागा आहे आणि तो फार सुंदर आहे. निसर्गातल्या बोरॉनपैकी सुमारे 20 टक्के अणू बोरॉन-10 या प्रकारचे असतात. असा अणू मंद न्यूट्रॉन पटकन गिळतो आणि फुटून एक अल्फा कण व एक लिथियम केंद्रक सोडतो. दोघांची धाव 10 मायक्रोमीटरच्या आत संपते, म्हणजे साधारण एका पेशीपुरती. बोरॉन ज्या पेशीत असेल ती मरते, शेजारची बऱ्याच अंशी वाचते. ही कल्पना 1936 ची. जपाननं 2020 मध्ये डोकं-मानेच्या काही कर्करोगांसाठी तिला परवानगीही दिली. पण तिथं शिरेतून देतात ते बोरोफालान, एक छोटा रेणू. नळी नव्हे. आणि न्यूट्रॉनचा झोत नसेल तर बोरॉन नुसता पडून राहतो. नळीत बोरॉनचे अणू दाटीनं बसलेले असतात, म्हणून संशोधकांना ती इथं खुणावते. पेशींवर प्रयोगही झालेत. फॉरवर्डमध्ये न्यूट्रॉनचा उल्लेखच नाही.

थेंबाभर रक्ताच्या चाचणीचं थोडक्यात सांगतो. कार्बनच्या नळीवर रेणू चिकटला की तिची विद्युतवाहकता बदलते, तोच सेन्सरचा इशारा. बोरॉन नायट्राइडची नळी विद्युतरोधक आहे, म्हणजे तिच्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. म्हणून तिच्यावर सोन्याचे कण, रंगद्रव्यं किंवा प्रतिपिंडं बसवावी लागतात, आणि इशारा बहुधा त्यांच्याकडूनच मिळतो. आधार म्हणून नळी उत्तम. रोग ओळखण्याचं काम तिच्यावर चढवलेला रेणू करतो.

राहिला दाबून ठेवल्याचा आरोप. ही नळी 1995 मध्ये बर्कलीत अ‍ॅलेक्स झेट्टल यांच्या गटानं बनवली आणि लगेच प्रसिद्धही केली. आज कंपन्या ती उघड विकतात. औषध अडलंय ते साध्या कारणांनी: नळ्या महाग आहेत, एकसारख्या लांबीच्या मिळत नाहीत, पाण्यात आपणहून पसरत नाहीत आणि शरीरात गेल्यावर वर्षभरानं कुठे असतात हे दाखवावं लागतं. या नळीपासून बनलेलं एकही मंजूर औषध नाही.

मावशीला फोनवर एवढंच सांगितलं की ज्यासाठी थांबायचं ते औषध अजून कुठल्याच दवाखान्यात नाही. पुढची तारीख मंगळवारची आहे. मी तिच्याबरोबर जाणार आहे.