होमबिल्ट विमान आणि मोटारीचा सुपरचार्जर : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

स्वतः विमान बांधणाऱ्यांमध्ये सध्या एक दावा फार फिरतो आहे. मोटारीच्या इंजिनावरचा, पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जर (इंजिनात जाणारी हवा दाबून भरणारे यंत्र; त्यालाच ब्लोअरही म्हणतात) विमानाच्या इंजिनाला जोडावा आणि मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळीतील) दाब समुद्रसपाटीच्या, म्हणजे सुमारे ३० इंच पाऱ्याच्या, पुढे जाऊ देऊ नये. मग १८,००० फुटांवरही पूर्ण शक्ती मिळते, इंजिनावर जादा ताण येत नाही, वेग भरघोस वाढतो, आणि हे सारे दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांनी सिद्ध केलेलेच आहे, असे सांगितले जाते.

या दाव्यामागील गरज खरी आहे. सुपरचार्जर नसलेले साधे इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के शक्ती गमावते. ८,००० फुटांवर थ्रॉटल पूर्ण उघडूनही ७५ टक्क्यांच्या आसपासच शक्ती उरते आणि १८,००० फुटांवर तर हवेचा दाबच निम्मा झालेला असतो. आक्षेप आहे तो सुचवलेल्या उपायाला.

पहिले विधान असे की दाब ३० इंचच असल्यामुळे इंजिनाला काही फरक कळत नाही. येथे तापमान पूर्णपणे विसरले गेले आहे. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक तापते, तीच गोष्ट येथेही घडते. १८,००० फुटांवर बाहेरची हवा प्रमाण वातावरणात उणे २१ अंश सेल्सिअस असते. तिचा दाब दुप्पट करायचा आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ७० टक्के धरायची, तर ती सुमारे ७९ अंशांनी तापून ५८ अंशांवर पोहोचते. मोटारीतील रूट्स पद्धतीच्या (दोन फिरत्या रोटरांनी हवा ढकलणाऱ्या) ब्लोअरची कार्यक्षमता बहुधा याहून कमी असते, म्हणजे तापमान आणखी वर जाते. समुद्रसपाटीवर इंजिन जी १५ अंशांची हवा घेते तिच्या तुलनेत ५८ अंशांची हवा, दाब तोच असूनही, सुमारे १३ टक्क्यांनी विरळ असते. उंचीवर एक्झॉस्टसमोरचा दाब कमी असल्याने थोडी शक्ती परत मिळते, हे मान्य करायला हवे. परंतु तापलेल्या मिश्रणामुळे डेटोनेशनचा, म्हणजे सिलिंडरातील मिश्रण आपोआप स्फोटासारखे पेटण्याचा, धोका वाढतो, आणि दाबमापकाकडे पाहून तो कळत नाही.

ताण येत नाही हे म्हणणे इंजिन बनवणाऱ्यांच्या वर्तनाशीही जुळत नाही. कॉन्टिनेन्टलच्या आयओ-५२० या साध्या इंजिनाचे कम्प्रेशन गुणोत्तर (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबले जाते ते) ८.५ आहे, तर त्याच्याच टर्बोचार्ज केलेल्या (एक्झॉस्टच्या झोतावर फिरणारा सुपरचार्जर, म्हणजे टर्बोचार्जर, बसवलेल्या) टीएसआयओ-५२० या भावंडात ते ७.५ पर्यंत खाली आणले आहे. पिस्टन न बदलता केवळ पट्टा आणि ब्लोअर जोडून काम भागले असते, तर ही उठाठेव कोणी केली नसती. शिवाय हवेने थंड होणाऱ्या सिलिंडरांना १८,००० फुटांवर समुद्रसपाटीच्या ५७ टक्के घनतेच्या हवेवर भागवावे लागते. ती हवा थंड असते, त्यामुळे तूट काही अंशी भरून निघते. पूर्ण शक्तीची उष्णता वाहून नेण्यासाठी मात्र बॅफल (सिलिंडरांभोवती हवा वळवणारे पत्रे) आणि काउलिंगची (इंजिनावरील आवरणाची) नव्याने आखणी करावी लागते.

दाव्यातील सर्वांत मोठी गफलत माझ्या मते वेगळीच आहे, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. पट्ट्याचे गुणोत्तर ठरलेले असते, त्यामुळे ब्लोअर दाब कोठेही जवळपास त्याच पटीत वाढवतो. १८,००० फुटांसाठी दुप्पट दाब देणारा ब्लोअर निवडला, तर जमिनीवर तो ६० इंचांकडे धाव घेणार. दाब ३० इंचांत ठेवायचा म्हणून वैमानिक थ्रॉटल मिटवतो. थ्रॉटल ब्लोअरच्या आधी असेल, तर ब्लोअर आता १५ इंचांची हवा ओढून पुन्हा ३० इंच करतो आणि या खटाटोपात १५ अंशांची हवा १०५ अंशांपर्यंत तापवतो. म्हणजे उड्डाणाच्या क्षणी, जेव्हा शक्तीची गरज सर्वाधिक असते, इंजिनात जाणारी हवा सुपरचार्जर नसलेल्या इंजिनातील हवेपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी विरळ असते. शक्तीतील घट नेमकी तितकीच नसली तरी ती नक्कीच जाणवण्याजोगी असते. त्यातून ब्लोअर फिरवण्याचा खर्च वजा होतो : १८० अश्वशक्तीच्या इंजिनाची हवा दुप्पट दाबायला, पट्ट्यातील नुकसान न धरता, साधारण १५ अश्वशक्ती लागतात. बायपास झडप किंवा क्लच बसवून यातील बराच तोटा टाळता येतो, परंतु मग 'फक्त पट्टा आणि ब्लोअर' हा साधेपणाचा दावा उरत नाही. टर्बोचार्जरमध्ये वेस्टगेट, म्हणजे एक्झॉस्टचा काही झोत बाजूने सोडून देणारी झडप, हेच काम करते. रोटॅक्स ९१४ या टर्बोचार्ज केलेल्या विमान-इंजिनामध्ये त्याचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक आहे, आणि तरीही त्या इंजिनाची ११५ अश्वशक्ती फक्त पाच मिनिटांसाठी वापरायची परवानगी असून सलग वापरासाठी १०० ची मर्यादा आहे.

महायुद्धाच्या दाखल्यातूनही हीच गोष्ट उलट बाजूने दिसते. त्या काळच्या लढाऊ विमानांतील रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाचे कम्प्रेशन गुणोत्तर फक्त ६ होते, ते द्रवाने थंड होत असे, आणि एकाच गतीचा सुपरचार्जर एका ठरावीक उंचीसाठीच सोयीचा पडतो म्हणून त्याला पुढे दोन गतींचे गिअर द्यावे लागले. ६० मालिकेत दोन टप्पे आले, तेव्हा मधली उष्णता काढण्यासाठी इंटरकूलरही आला.

मोटारीत हाच ब्लोअर वर्षानुवर्षे चालतो, या युक्तिवादाला फार वेळ देण्याचे कारण नाही : मोटार पूर्ण शक्ती काही सेकंद वापरते, विमान ६५ ते ७५ टक्के शक्ती तासन् तास वापरते.

वेगाचा मुद्दा मात्र जपून तपासला पाहिजे. शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते, म्हणून २० टक्के जादा शक्तीतून जेमतेम ६ टक्के वेग मिळतो. विरळ हवेचा लाभ खरा आहे; समुद्रसपाटीची शक्ती १८,००० फुटांवर टिकली, तर आदर्श स्थितीत वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. पण पंख आणि शेपटीतील फ्लटर (वेगामुळे सुरू होणारे घातक कंपन) मुख्यतः खऱ्या वेगाशी, म्हणजे हवेतून प्रत्यक्ष जाण्याच्या वेगाशी, निगडित असते, आणि त्या उंचीवर वेगमापकात १७० नॉट दिसत असताना खरा वेग २२५ नॉट असतो. मापकावरचा काटा हिरव्या पट्ट्यात असतानाच मर्यादा ओलांडली जाऊ शकते. होमबिल्ट विमानांचे संच बनवणारी व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी आपल्या आरव्ही मालिकेतील विमानांची कमाल वेगमर्यादा खऱ्या वेगात मोजायला सांगते, ते याचसाठी. ब्लोअरने इंजिनाची शक्ती वाढते. विमानाच्या सांगाड्याची ताकद त्याने वाढत नाही.

उरलेल्या बाबी यादीत बसतील एवढ्या छोट्या वाटतात, पण त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. स्थिर पाते असलेला प्रोपेलर विरळ हवेत ती शक्ती पेलू शकत नाही आणि इंजिन मर्यादेपेक्षा जोरात फिरू लागते, म्हणून कॉन्स्टंट-स्पीड (पात्यांचा कोन बदलून फिरण्याचा वेग स्थिर ठेवणारा) प्रोपेलर घ्यावा लागतो. ब्लोअरने कार्ब्युरेटरमधून हवा ढकलायची असेल, तर फ्लोट बाउलला (कार्ब्युरेटरमधील इंधनाच्या भांड्याला) आणि इंधनपंपाला तोच वाढीव दाब द्यावा लागतो. तो दिला नाही तर इंधन जेटमधून येतच नाही. विरळ हवेत मॅग्नेटोच्या (स्पार्क प्लगसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) आतच ठिणगी भलतीकडे उडी मारते, म्हणून उंचीवरच्या इंजिनांना दाबयुक्त मॅग्नेटो असतात. आणि पट्टा तुटला तर इंजिन साधे होऊन चालत राहील, हे गृहीतही तपासून पाहावे लागते : १८,००० फुटांवर ३० इंचांसाठी लावलेले मिश्रण एका क्षणात १५ इंचांच्या हवेला सामोरे जाते, आणि इंधनप्रणाली हा बदल स्वतः ओळखत नसेल, तर अतिगडद (हवेच्या मानाने इंधन फार जास्त असलेल्या) मिश्रणाने इंजिन बंदच पडू शकते.